घर-अंगण : हंसाची सात अंडी

मैत्रिणींनो, या सदरात आजवर मुरांब्याचा पाक, तुळशीवरचा मावा, तांदळातले टोके, गादीतले ढेकूण असे नाना विषय येऊन गेले. पण हंसाची अंडी घरी कशी उबवायची, असं कुणी विचारील हे मात्र माझ्या ध्यानीमनी नव्हतं. बार्शीच्या एका भगिनींनी ते विचारलं आहे. त्यांच्या भावाच्या शेतावर हंसांची जोडी होती. मादीनं सात अंडी घातली, दोन दिवस त्यांच्यावर बसली, आणि तिसऱ्या रात्री भटक्या कुत्र्यांनी तिला मारलं. सकाळी भावानं थंड पडलेली अंडी गोणपाटात गुंडाळली आणि बहिणीच्या घरी आणून ठेवली. आता घरात सासूबाई माळकरी, अंडं उंबऱ्याच्या आत चालत नाही. यजमान म्हणतात, "देऊन टाक परत, त्याचं तो बघेल." आणि नऊ वर्षांचा मुलगा पिशवी मांडीवर घेऊन बसलेला, उठायला तयार नाही. "ताई, यांतून पिल्लं निघतील का? आणि मी काय काय करू?"

उत्तर छापून येईपर्यंत अंडी थोडीच थांबणार! त्यांना मी फोनवरच सगळं सांगितलं. पण ज्यांच्या माहेरी-सासरी वाडी आहे, शेत आहे अशा आणखीही काही जणींना हे उपयोगी पडेल, म्हणून सविस्तर लिहिते. माझ्या माहेरी हंस होते आणि आमची आई खुडूक कोंबडीखाली त्यांची अंडी ठेवायची. अलीकडे शाळेत मुलांना दाखवायला आम्ही उबवणीचं लहान यंत्र आणलं, त्यामुळे दोन्ही रीती मी जवळून पाहिल्या आहेत.

आधी पक्ष्याची ओळख. आपल्याकडे याला कुणी हंस म्हणतं, कुणी राजहंस, कुणी नुसतंच 'मोठं बदक'. पांढरा किंवा करडा, लांब मानेचा, चोचीच्या मुळाशी टेंगूळ असलेला, आणि फाटकाशी अनोळखी माणूस दिसलं की मान जमिनीलगत लांब करून फूत्कारत अंगावर येणारा. ही चिनी जात. राखणीला कुत्र्याइतकी चांगली, म्हणून शेतघरवाले ठेवतात. दूध आणि पाणी वेगळं करणारा काव्यातला हंस तो हा नव्हे, बरं का! आणि हिवाळ्यात उजनीच्या पाण्यावर थव्यांनी उतरतात ते पट्टकदंबही हे नव्हेत. ते रानटी पाहुणे, त्यांची वीण तिबेट, लडाख, मंगोलियाकडे होते. रानपक्ष्यांच्या अंड्यांना हात लावणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. इथे लिहिते आहे ते फक्त पाळीव हंसांबद्दल.

आणखी एक गोष्ट आधीच सांगते, मग अंड्यांकडे वळू. हंस वीस वर्षं सहज जगतो. वाढला की चार-पाच किलोचा होतो, दिवसभर गवत खातो, दिवसभर घाण करतो आणि त्याच्या ओरडण्यानं आळी जागी होते. एकटा ठेवला तर झुरतो, निदान दोन तरी लागतात. तेव्हा पिल्लं मोठी झाल्यावर कुठे जाणार, हे पहिल्या दिवशीच नक्की झालं पाहिजे. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात किंवा तिसऱ्या मजल्यावरच्या ब्लॉकमध्ये मुलांचा हट्ट म्हणून हा उद्योग करू नका. बार्शीच्या भगिनींना मी पहिला प्रश्न हाच केला. सहा आठवड्यांनी पिल्लं शेतावर न्यायची आणि तिथे रात्री कोंडायला पक्कं खुराडं बांधायचं, असं भावाकडून कबूल करून घ्या म्हटलं. त्यांनी ते करून घेतलं. मादी गेली ती खुराडं नव्हतं म्हणूनच ना!

सासूबाईंच्या बाबतीत माझं म्हणणं एवढंच होतं, की लपवून काही करू नका. ही अंडी खायची नाहीत, फोडायची नाहीत, स्वयंपाकघरात यायची नाहीत, हे सरळ सांगा आणि माडीवरची खोली मागून घ्या. सासूबाई अर्धा दिवस गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आई मेलेली लेकरं आहेत, ठेवा माडीवर."

आता अंडी. हंसाचं अंडं कोंबडीच्या अंड्याच्या अडीच-तीन पट मोठं, साधारण १२० ते १७० ग्रॅमचं असतं. कोंबडीला २१ दिवस लागतात, बदकाला २८. या चिनी हंसाला बहुधा २८ ते ३०, आणि भारी वजनाच्या जातींना तीन-चार दिवस आणखी. उबवायला घेताना तडा गेलेली, फार लांबोडकी किंवा वेडीवाकडी अंडी बाजूला काढावीत. माती-शेण लागलं असेल तर कोरड्या फडक्यानं हलकेच पुसावं. बायकांचा हात लगेच नळाकडे जातो, पण गार पाण्यानं अंडं मुळीच धुऊ नये. गार पाण्यानं आतलं आकसतं आणि टरफलाच्या बारीक छिद्रांतून घाण आत ओढली जाते. धुणं अगदीच भाग पडलं तर पाणी अंड्यापेक्षा गरम, हाताला चांगलं ऊन लागेल असं घ्यावं.

सगळी अंडी एकदम मिळत नाहीत. मादी साधारण दिवसाआड एक घालते. तोवर गोळा करून ठेवायची तर घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात, फ्रिजमध्ये नव्हे. १३ ते १६ अंश ही चांगली थंडी, ती आपल्या घरांत कुठली मिळायला! म्हणून आठवडाभर वाट पाहू नये. खोलीत तीस अंश उष्णता असेल तर अंड्यात अर्धवट वाढ सुरू होते आणि ती अर्धवटच मरते. रोज एकदा अंडी कुशीवर पालटावीत आणि तीन-चार दिवसांत उबवायला ठेवावीत.

मग प्रश्न येतो, ऊब कुणाची? हंसाची मादी असेल तर तिच्यासारखी दुसरी कुणी नाही. ती आपल्या छातीचा कापूस उपटून घरट्यात अंथरते, नर बाहेर पहारा देतो, आपण फक्त पाणी आणि दाणे ठेवायचे. मादी नसेल तर दुसरी चांगली आई म्हणजे खुडूक बसलेली गावठी कोंबडी. पण तिच्या पोटाखाली हंसाची चार, फार तर पाच अंडी मावतात. अंडं जड असल्यानं तिला ते पायानं उलटता येत नाही, म्हणून ती दाणे खायला उठली की तेवढ्यात आपण उलटून ठेवायचं आणि कोमट पाण्याचा हात फिरवायचा. बसवण्याआधी तिच्या अंगावर उवा नाहीत ना, ते पंखाखाली पाहून घ्यावं. महिनाभर एका जागी बसायचं आहे बिचारीला. आणि तिची स्वतःची अंडी याच घरट्यात ठेवू नका. ती एकविसाव्या दिवशी फुटतात, की ही पिल्लं घेऊन चालू लागते आणि हंसाची अंडी तशीच थंड. दोन्ही ठेवायचीच असतील तर कोंबडीची नऊ दिवसांनी मागाहून ठेवा. पुढे ही मानलेली लेकरं डबक्यात उतरतात आणि कोंबडी काठावर जिवाच्या आकांतानं ओरडत फिरते. आमच्या माहेरी ते पाहून सगळी हसायची, मला मात्र तिचं फार वाईट वाटायचं.

कोंबडीही नसेल तर यंत्र. अंडी कृत्रिम रीतीनं उबवणं हे काही आजचं खूळ नव्हे. इजिप्तमध्ये ही विद्या दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी होती, ॲरिस्टॉटलनं तिचा उल्लेख केला आहे. आता घरगुती यंत्रं बाजारात मिळतात, आणि कुक्कुटपालन करणाऱ्या एखाद्या ओळखीच्या माणसाकडून महिनाभर उसनंही मिळतं. बार्शीला तसंच मिळालं. पाहायचं एवढंच, की आत हवा खेळवणारा लहान पंखा असावा, म्हणजे कोपऱ्याकोपऱ्यात उष्णता सारखी राहते. अंडी आपोआप फिरवण्याचे त्यातले कप्पे कोंबडीच्या मापाचे असतात, हंसाचं अंडं त्यात बसत नाही. ते काढून टाकून अंडी आडवी ठेवायची आणि हातानं फिरवायची. थर्मोकोलच्या खोक्यात दिवा लावून घरच्या घरी यंत्र बनवण्याची टूम आहे. तिच्यात उष्णता ठरावीक आकड्यावर दिवा बंद-चालू करणारा थर्मोस्टॅट बसवला असेल तरच ती करा. नुसता दिवा लावला तर अंडी उबत नाहीत, उकडतात, शिवाय थर्मोकोल पेट घेतो ते वेगळंच. आणि हल्लीचा एलईडी दिवा यात निरुपयोगी. तो उजेड देतो, ऊब देत नाही. जुना पिवळा बल्ब शोधावा लागेल.

पंख्याच्या यंत्रात उष्णता ३७.५ अंश ठेवावी. आपल्या ताप पाहण्याच्या थर्मामीटरवर हाच आकडा ९९.५ येतो, म्हणजे अंगात कणकण आहे म्हणतो ना, तेवढी. यंत्रावरच्या आकड्यावर एकदम विश्वास टाकू नका. घरातला ताप पाहण्याचा थर्मामीटर अंड्यांशेजारी ठेवून ताडून पाहा. अर्ध्या अंशाची चूक महिनाभर चालली तर पिल्लं लवकर तरी निघतात, नाहीतर उशिरा आणि अशक्त. अंडी ठेवण्याआधी एक दिवस-रात्र यंत्र रिकामं चालवावं. जागा भिंतीलगतची, उन्हाची तिरीप न येणारी, जाता-येता कुणाचा धक्का न लागणारी निवडावी.

वीज गेली तर? लोडशेडिंगवाल्या गावांतून हा प्रश्न येणारच. वीज गेल्याबरोबर यंत्र उघडून पाहू नका. वर गोधडी टाका, हवेची भोकं तेवढी मोकळी राहू द्या आणि गप्प बसा. तास-दोन तासांच्या गारठ्यानं सहसा काही बिघडत नाही. मादीसुद्धा रोज घरटं सोडून जातेच की. गारव्यापेक्षा उष्णतेची भीती जास्त. थोडा वेळ थंड पडलेलं अंडं सावरतं, पण चाळिशीच्या वर तापलेलं सावरत नाही. म्हणून सोलापूर, विदर्भ, मराठवाड्याकडच्या भगिनींनी हा उद्योग कडक उन्हाळ्याआधी उरकावा. बेचाळीस अंशांच्या खोलीत थंड करण्याचा उपाय त्या यंत्राजवळ नसतो. बार्शीची अंडी रात्रभर थंड पडली होती तरी मी आशा सोडू नका म्हटलं ते याच हिशोबानं. दोनच दिवसांची ऊब लागली होती आणि रात्र काही कडाक्याच्या थंडीची नव्हती.

अंडी फिरवणं हे खरं गृहिणीच्या जिवावरचं काम. दिवसातून निदान तीनदा, जमलं तर पाचदा. न फिरवलेल्या अंड्यात जीव एका बाजूला टरफलाला चिकटून बसतो आणि मरतो. शिसपेन्सिलीनं एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोळा काढून ठेवा, बॉलपेन किंवा स्केचपेन नको. सकाळी सगळ्या फुल्या वर, दुपारी सगळे गोळे वर. वेळा विषम घ्यायच्या, तीन किंवा पाच, म्हणजे रात्रीच्या लांब मुक्कामाला एकदा फुली वर आणि दुसऱ्या दिवशी गोळा वर येतो. हात स्वच्छ धुऊन, कोरडे करून मगच लावावेत.

आणि मैत्रिणींनो, हे काम एकटीनं अंगावर घेऊ नका. आपल्याकडे हौस साऱ्या घराची आणि राबणूक एकीची, असं होतं. मी त्या भगिनींना पाळ्या लावायला सांगितलं. सकाळची शाळेला जाण्याआधी मुलाची, रात्री झोपताना यजमानांची, बाकीची त्यांची स्वतःची. दुपारी त्या शिवणाच्या क्लासला जात, तेव्हा सासूबाईंनी अंड्यांना हात न लावता यंत्राचे आकडे वाचून वहीत लिहायचं आपणहून पत्करलं. ती वही त्यांनी मला दाखवली. महिनाभराचे आकडे, एक दिवस चुकलेला नाही. एकादशीच्या दिवशीचेसुद्धा आहेत.

यापुढचा भाग नीट वाचा, कारण बहुतेकांचं घोडं इथे पेंड खातं. उष्णता सगळे सांभाळतात, दमटपणाकडे कुणी पाहत नाही. अंड्यातलं पाणी टरफलातून हळूहळू उडून जावं लागतं, म्हणजे बोथट टोकाकडची हवेची पोकळी वाढते आणि शेवटी पिल्लू पहिला श्वास त्या पोकळीतच घेतं. पाणी कमी उडालं तर पिल्लू सुजल्यासारखं मोठं होतं, त्याला आत वळायला जागा राहत नाही. जास्त उडालं तर आतला पापुद्रा चामड्यासारखा होऊन पिल्लाला आवळतो. दमटपणाचा आकडा पहिले चार आठवडे ५० ते ५५ टक्के धरतात. पण कोकणातल्या पावसाळ्यात ताटलीत पाणी ठेवायचीही गरज पडत नाही आणि बार्शीसारख्या कोरड्या हवेत एक ताटली पुरत नाही. मग समजायचं कसं?

तराजूनं! स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा तराजू घ्या (सासूबाईंना चालत नसेल तर वाण्याकडून तासाभरासाठी आणा), प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीनं नंबर घाला आणि आठवड्यातून एकदा वजन करा. अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत अंड्याचं वजन सुरुवातीच्या साधारण १४ टक्के उतरलं पाहिजे. म्हणजे १५० ग्रॅमचं अंडं असेल तर दर आठवड्याला सुमारे पाच ग्रॅम. पहिल्या आठवड्याअखेर १४५, दुसऱ्याला १३९-१४०, तिसऱ्याला १३४, चौथ्याला १२९. याहून भराभर उतरत असेल तर पाण्याची ताटली वाढवा, उतरत नसेल तर काढा. ताटली खोल असून उपयोग नाही, पसरट हवी. पाणी किती हे महत्त्वाचं नाही, पाण्याचा उघडा पृष्ठभाग किती ते महत्त्वाचं. माझ्या मते महागड्या दमटपणा-मापकापेक्षा हा तराजू खरा. पापडाचं वाळवण हातात घेतल्याबरोबर आपल्याला कळतं ना, अजून एक ऊन हवं म्हणून, तसंच आहे हे.

हंसाच्या अंड्याला एक खास लाड असतो. मादी रोज थोडा वेळ उठते, पाण्यात डुंबते आणि ओल्या पोटानं परत येऊन बसते. त्याची नक्कल म्हणून आठव्या दिवसापासून रोज एकदा यंत्राचं झाकण दहा-पंधरा मिनिटं उघडं ठेवावं, अंडी निवू द्यावीत, आणि बंद करण्याआधी कपड्यांना इस्त्री करताना वापरतो त्या फवाऱ्यानं कोमट पाणी शिंपडावं.

आठव्या ते दहाव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत अंडं बॅटरीच्या किंवा मोबाइलच्या उजेडावर बोथट टोकाकडून धरून पाहा. आत कोळ्यासारखा काळा ठिपका आणि त्यापासून निघालेल्या लाल शिरांचं जाळं दिसलं, की जीव धरला. नुसतंच पिवळसर, स्वच्छ दिसलं तर त्यात काही नव्हतंच. लाल कडं दिसलं आणि शिरा नसल्या, तर सुरू झालेला जीव थांबला. या दोन्ही प्रकारची अंडी काढून टाकायचीच, दया म्हणून ठेवू नका. सडलेलं अंडं यंत्रात फुटलं तर बाकीच्यांचाही नाश होतो. बार्शीला सातांपैकी एक कोरं निघालं आणि एकात लाल कडं. पाच राहिली. मुलगा रडला. आईनं त्याला "ते पळून गेलं" वगैरे काही सांगितलं नाही. एक रात्र थंडीत राहिल्यानं ते जगलं नाही, असं सरळ सांगितलं, आणि दोघांनी मिळून ते अंडं परसात लिंबाखाली पुरलं. मला हे फार बरं वाटलं. शाळेत मी पाहते, मुलांना खरं सांगितलं की ती सोसतात, बनवाबनवी मात्र लक्षात ठेवतात.

सत्ताविसाव्या-अठ्ठाविसाव्या दिवशी फिरवणं बंद. उष्णता किंचित कमी, ३७ ते ३७.२, आणि दमटपणा मात्र एकदम ७० ते ७५ टक्के. ताटल्या वाढवा, ओला स्पंज ठेवा. आता झाकण उघडायचं नाही. या दिवसांत कान लावला तर अंड्यातून बारीक चिवचिव ऐकू येते. मग टरफलावर एक चीर, मग लहानसं भोक.

आणि इथे आपली परीक्षा! भोक पडल्यावर पिल्लू बाहेर यायला एक दिवस, कधी दीड-दोन दिवसही घेतं. मध्येच तासन्‌तास गप्प पडून राहतं. आपल्याला वाटतं, गुदमरलं. बार्शीहून पहाटे सहाला फोन आला, "ताई, काल संध्याकाळपासून भोक तेवढंच आहे. मुलगा रात्रभर झोपला नाही. टरफल काढू का?" मी म्हटलं, हात लावू नका. तो विसावा नसतो, आत मोठं काम चाललेलं असतं. टरफलाच्या आतल्या पापुद्र्यात अजून रक्तवाहिन्या असतात आणि त्यांतलं रक्त पिल्लानं अंगात ओढून घ्यायचं असतं, बलकाचा उरलेला भाग पोटात घ्यायचा असतो. आपण घाई करून टरफल सोललं तर रक्त वाहतं आणि उत्तम वाढलेलं पिल्लू आपल्या हातात मरतं. भोक पडून चोवीस तासांहून अधिक झाले, काहीच पुढे सरकलं नाही आणि पापुद्रा वाळून पिवळट-तपकिरी दिसू लागला, तरच कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसानं तो ओला करावा, भोकाभोवतालचा नखाएवढा तुकडा काढावा आणि थांबावं. रक्ताचा ठिपका दिसला की लगेच बंद, अंडं परत यंत्रात. पुन्हा काही तासांनी पाहायचं.

त्या दिवशी दुपारी साडेतीनला पहिलं पिल्लू आपलं आपण बाहेर आलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत आणखी तीन. पाचवं आलं नाही. ते पूर्ण वाढून आतच गेलं होतं. असं होतं, आणि सगळं नीट करूनही होतं. राहिलेल्या अंड्याची तेहतीस-चौतीस दिवसांपर्यंत वाट पाहावी, मग न फोडता पुरून टाकावं.

पिल्लं ओली, केविलवाणी दिसतात. अंग कोरडं होऊन लोकरीसारखं फुलेपर्यंत यंत्रातच राहू द्या. पोटातल्या बलकावर एक-दीड दिवस निभतं, खायला घालायची घाई नको. मग खोक्यात, वर पिवळा दिवा. पहिल्या आठवड्यात ३२-३३ अंश, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे पाहा. दिव्याखाली गोळा झाली तर गारठली आहेत, कोपऱ्यात पांगून चोची उघडल्या तर उकडतं आहे. खाली वर्तमानपत्र घालू नका, गुळगुळीत कागदावर पाय फाकतात आणि कायमचे अधू होतात. गोणपाट किंवा जुना टॉवेल घाला. पाणी असं ठेवा, की नाकपुड्यांसह चोच बुडावी पण अंग बुडू नये. पसरट भांड्यात खडे घालावेत. हंसाचं पिल्लू म्हणजे जन्मजात पोहणारं, असं समजून त्याला बादलीत सोडू नका. आईच्या पंखाखालचं तेल त्याच्या लवेला लागलेलं नसतं, ते भिजतं, गारठतं आणि बुडतंसुद्धा.

खायला कोंबडीच्या पिल्लांचं 'चिक स्टार्टर' चालतं, पण औषध न मिसळलेलं मागा, आणि त्याच्याजवळ पाणी हवंच. हंसाच्या पिल्लांना नायसिन हे ब-गटातलं जीवनसत्त्व कोंबडीपेक्षा जास्त लागतं, ते कमी पडलं की पाय वाकतात. ब्रुअर्स यीस्टची पूड खाण्यावर भुरभुरली की काम होतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून कोवळं गवत बारीक चिरून द्या. तणनाशक मारलेल्या बांधावरचं मात्र नको.

एक गंमत सांगते. अंड्यातून निघाल्यावर पहिल्या काही तासांत जे हलताना-बोलताना दिसेल त्याला हे पिल्लू आई मानतं. कोनराड लॉरेन्झ नावाच्या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञानं हंसांच्या पिल्लांवर याचा खोल अभ्यास केला, पक्षी त्यांच्यामागून रांगेनं चालत. प्राण्यांच्या वागणुकीवरच्या कामासाठी त्यांना १९७३ साली दोघा सहकाऱ्यांबरोबर नोबेल पारितोषिक मिळालं. तेव्हा तुमची पिल्लं तुमच्या मागे मोरीपर्यंत आली तर नवल नाही. ऐकायला गोड वाटतं, पण त्यांना पुढं हंसांत राहायचं आहे. म्हणून पिल्लं एकत्र ठेवा, एकेकटं कुशीत घेऊन झोपू देऊ नका, आणि शेतावर मोठा हंस असेल तर उन्हाच्या वेळी थोडा थोडा वेळ त्याच्या नजरेसमोर न्या. बहुतेक वेळा तो पिल्लांना आपली म्हणतो, तरी पहिल्या खेपेला जवळ उभं राहा.

मुलांना पिल्लांचे मुके घेऊ देऊ नका, हाताळल्यावर साबणानं हात धुवायचे म्हणजे धुवायचेच. पोट बिघडवणारे जंतू निरोगी दिसणाऱ्या पिल्लाच्या अंगावरही असतात. बर्ड फ्लूही विसरून चालणार नाही. २००६ साली देशातली पहिली साथ आपल्या नंदुरबारच्या नवापूरलाच आढळली, २०२१ च्या जानेवारीत परभणीकडे पुन्हा. परिसरात कोंबड्या अचानक मरू लागल्याचं कानावर आलं तर आपले पक्षी बाहेर सोडू नयेत, मेलेल्या पक्ष्याला हात लावू नये आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळवावं.

पाचेक आठवड्यांत पिसं येतात, तोवर पावसात भिजू देऊ नका. बार्शीची चारही पिल्लं आता शेतावर गेली आहेत. खुराड्याला जाळी आणि कडी दोन्ही आहे, मुलगा दर रविवारी जाऊन कडी ओढून पाहतो. त्यानं मला एक प्रश्न पाठवला आहे, यांतले नर किती आणि माद्या किती? बाळ, लहानपणी ते फक्त जाणकाराला शेपटीखाली तपासून कळतं, आणि नवख्या हातानं पिल्लाला इजा होते, म्हणून तू करू नकोस. काही महिने थांब. नराचं चोचीवरचं टेंगूळ मोठं होईल आणि आवाज चिरका येईल, मादीचा जाडसर राहील. तोवर नावं अशी ठेव, की दोघांनाही चालतील.